तिसऱ्या बेरिंगखालचं पान

हरिश्चंद्रशेटच्या भातगिरणीत 'बंद' हा शब्द उच्चारायला बंदी होती. फोंडाघाटच्या बाजारात त्याचं पिढीजात किराणा दुकान. दुकानदाराच्या घरात दुकान बंद होत नाही, ते वाढवतात. दिवा विझत नाही, तोही वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती, घरोघरी हेच चालतं. पण सत्तावन्न साली शेटने तेलावर चालणारं भलं मोठं इंजिन आणलं आणि दुकानाचा कायदा त्या लोखंडालाही लावला. 'इंजिन बंद कर' म्हटलं की लक्ष्मी उलट्या पावली जाते म्हणे. म्हणून गिरण थांबवायची असेल तर ओरडायचं, "वाढय रे!" आणि जोर हवा असेल तर, "सोड रे!" माणसांच्या हे इतकं अंगवळणी पडलं की त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. इंजिनवाल्या गंगारामच्याही नाही.

गंगाराम मूळचा देवबागचा. तरुणपणी आगबोटीवर तेलवाला होता. बोटीच्या पोटात, जिथे उन्हाळा-पावसाळा काही नसतं, नुसता उकाडा असतो, तिथे फिरत्या दांड्यांना वंगण पाजण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. तिथल्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, त्याला एकच गोष्ट शिकवली, तीही कानफटात देऊन: चालत्याला हात नाही. आधी थांबव, मग पूस, मग तेल घाल. गिरणीत आल्यावरही गंगारामने ते सोडलं नाही. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी सगळीकडे तेल, दुपारी इंजिन थांबवून प्रत्येक बेरिंगला हात लावून ती किती तापली ते बघणं, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पट्टे आणि नटबोल्ट. शेटला हे थांबणं खुपायचं.

"गंगाराम, माझ्या सुनेचे एवडे लाड नाय, जेवडे तुझ्या इंजनाचे," शेट म्हणायचा.

"सून रागावली तर म्हायेराक जाता, शेटनू. इंजन रागावला तर माणूस घेवन जाता."

दोघेही हसायचे. हसण्यावारी नेण्यासारखंच वाटायचं ते तेव्हा.

इंजिन होतं वेगळ्या खोलीत. तिथून भिंतीतल्या भोकातून एक रुंद पट्टा गिरणीत यायचा आणि आढ्याखालचा लांब लोखंडी शाफ्ट फिरवायचा. शाफ्टवरून खाली भात भरडायच्या यंत्रांना पट्टे. हा सगळा शाफ्ट चार बेरिंगांवर तोललेला. प्रत्येक बेरिंगच्या डोक्यावर तेलाची एक वाटी, वाटीच्या तळाला भोक, भोकातून थेंब थेंब तेल आत उतरायचं. एवढंसं ते भोक, पण चाळीस खंडी भाताची गिरण त्याच्यावर चालायची.

गंगारामच्या हाताखाली तेलवाला होता महादू. हसरा, हडकुळा, खांद्यावर कायम तांबड्या चौकड्यांचा पंचा. माघात गंगाराम भाचीच्या लग्नाला देवबागला गेला, तेव्हा शेटने बदलीवर घाटावरून शिवा नावाचा इंजिनवाला आणला. शिवा कामाला चोख होता. बाजाराच्या आदल्या दिवशी दारात भाताच्या गाड्यांची रांग लागली आणि शेटने दुपारचं थांबणं रद्द केलं. तिसरी बेरिंग कुरकुरायला लागली. महादूने जाऊन सांगितलं, शेटने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी महादू कुप्पी घेऊन शिडीवर चढला, चालत्या शाफ्टला तेल घालायला. शाफ्टने पंच्याचं टोक धरलं.

महादूने गिरणीतली रीत सोडली नाही. भिंतीपलीकडच्या इंजिनवाल्याला त्याने हाक दिली, "वाढय! वाढय रे!"

शिवाच्या गावी वाढव म्हणजे वाढव. त्याला वाटलं, भात फार आलंय, जोर हवाय. त्याने जोर वाढवला. हाक मोठी झाली, तसा आणखी वाढवला. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की त्याला मराठी येत होती.

पुढचं सांगण्यासारखं नाही. शिवा त्याच संध्याकाळी मालाच्या लॉरीत बसून घाट चढला, तो पुन्हा इकडे उतरला नाही. देवबागहून परतलेल्या गंगारामला हे सगळं सत्यवतीने सांगितलं. सत्यवती म्हणजे गिरणीत कणी-कोंडा पाखडणाऱ्या बायांची म्होरकी, पिकल्या केसांची, तोंडाने फटकळ. पण सांगताना तिने हातातलं सूप खाली ठेवलं. महादूची बायको जानकी हिला कुणी काय सांगायचं, यावर शेट, सत्यवती आणि गंगाराम यांचं एकमत झालं. तिघे तिच्या अंगणात गेले आणि गंगारामने तोंड उघडलं.

"चटकन गेलो गो. काय कळाक सुदीक नाय त्येका. तोंडातसून शबूद फुटाक नाय."

गावात लोकांच्या तोंडाला फडकं बांधता येत नाही, पण या एका गोष्टीला सगळ्यांनी आपण होऊन बांधलं. 'वाढय' हा शब्द गिरणीतून गेला. शेटने देवळातल्यासारखी एक घंटा आणून टांगली. घंटा वाजली की थांबायचं. 'बंद' म्हणायला बंदी होतीच, आता 'वाढय' म्हणायलाही कुणाची जीभ धजेना. तेलवाल्याच्या जागेवर यायला गावातला एकही माणूस तयार झाला नाही, तेव्हा ते काम गंगारामच करू लागला.

शिमगा झाल्यावर शेटने जानकीला पाखडणीला घेतलं. त्याला रात्री झोप लागत नसे, असं बाजारात बोलत. जानकी यायची, सूप घ्यायची, मान खाली घालून बसायची. कुणी काही विचारलं तर हो-नाही. ती रडत नव्हती, हेच सत्यवतीला नको वाटायचं.

मग चैत्रात एका सकाळी तिसरी बेरिंग ओरडली.

कोरडं लोखंड पितळेवर घासलं की ओरडतं, त्यात नवल काही नाही. पण हे ओरडणं लांबट होतं, चढत जायचं, मध्येच तुटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. वाऽऽढ. वाऽऽढ. बायांच्या हातातली सुपं थांबली. एकीने कानांवर हात ठेवले. गंगाराम इंजिनाच्या खोलीतून धावत आला आणि दारातच खिळला, कारण त्यालाही तेच ऐकू आलं. लोखंडाला तोंड नसतं हे त्याला ठाऊक होतं. पण कानाला कोण समजावणार?

जानकीने मान वर केली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"दादानू," ती गंगारामला म्हणाली, "ह्यो तेंचो आवाज."

"बेरिंग सुकली गो. तेल घातलंय काय गप होतली."

"नाय. शेतार्सून इले काय उंबऱ्यातसूनच हाक मारीत. वाढ गो, वाढ गो. हात धुवच्या आदी." आणि ती हसली. "कायम भुकेलो माणूस."

तिला 'वाढ' ऐकू येत होतं. जेवायला वाढ. गंगारामने जाऊन इंजिन थांबवलं, तेल घातलं, आणि बेरिंग गप्प झाली. त्याला वाटलं, संपलं.

संपलं कुठलं! आठ-पंधरा दिवसांनी आवाज पुन्हा सुरू झाला आणि मग रोजचाच झाला. सकाळी सगळं ठीक असायचं, उन्हं वर आली की तिसरी बेरिंग हाका मारू लागायची. गंगारामने वाटी काठोकाठ भरून पाहिली. पावसाळ्यात गिरण थंड असताना बेरिंग उघडली, आतला पितळेचा बुश, ज्यात शाफ्ट फिरतो, तो खरवडून गुळगुळीत केला, धुऊन, पुसून, ग्रीस भरून पुन्हा बसवला. चांगलं काम केल्याचं समाधान घेऊन त्या दिवशी तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी महादू पुन्हा ओरडला. हो, महादूच. गंगारामही आता मनात त्याला महादूच म्हणू लागला होता. इतर तिन्ही बेरिंगा तेच तेल पिऊन गुपचूप फिरत होत्या. आयुष्यभर ज्याने आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखलं, त्याला हे एक दुखणं ओळखता येत नव्हतं. तो इंजिनाच्या खोलीत बसायचा आणि भिंतीपलीकडून हाक यायची, वाढय, वाढय रे, जणू त्यालाच. त्याचा हात आपसूक तेलाच्या कॉककडे जायचा. त्याला अन्न गोड लागेना.

शेटने देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, कोंबडा दिला. आवाज थांबला नाही. बाया मात्र हळूहळू सरावल्या. माणूस कशालाही सरावतो. आवाज सुरू झाला की त्या जागा बदलून लांब बसायच्या आणि आपापली सुपं आपटू लागायच्या.

जानकी उलट जवळ सरकली. नेमकी तिसऱ्या बेरिंगखाली तिची जागा झाली. दुपारी ती दोन पानं मांडायची, केळीची. एकावर स्वतःला, एकावर त्याला. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, कधी सुकटाची चटणी. वरून हाक आली की त्याच्या पानात आणखी थोडा भात घालायची आणि म्हणायची, "घेवा हो सावकाश." मग स्वतः जेवायची. तिच्या गालांवर रंग आला. ती बायांशी बोलू लागली, एकदा तर सत्यवतीची टिंगलसुद्धा केली. हे सगळं बघून सत्यवतीने गंगारामला एकदाच म्हटलं, "भूत उपकारी आसा रे." आणि पदराने डोळे पुसले.

दसरा झाला, नवं भात येऊ लागलं. एका सकाळी गंगाराम नेहमीपेक्षा लवकर गिरणीत आला. जानकी अंगण झाडत होती. झाडलोट तिच्याकडेच असल्यामुळे ती सगळ्यांच्या आधी यायची. आत शिडी तिसऱ्या बेरिंगला टेकवलेली होती. शिडीच्या पायऱ्यांवर कोंड्याची पूड बसलेली असे, तिच्यावर पावलं उमटली होती. गंगारामच्या अंगावर काटा आला. महादूच रोज येतो की काय! मग त्याने नीट पाहिलं. पावलं लहान होती.

तो चढला. वाटीतलं तेल पुसून घेतलं, भोकात तार घातली. तार अडली. त्याने तार वाकवून आत फिरवली आणि ओढली, तर एक घट्ट वळलेला बोळा बाहेर आला. तांबड्या चौकड्यांचा, तेलाने काळवंडलेला.

तो खाली उतरला. महादू घरी जाऊन बायकोला गिरणीतल्या गमती सांगायचा, हे त्याला आठवलं. भोकात कोंडा अडकला की बेरिंग कशी बोंबलते, ते तोंडाने करून दाखवायचा म्हणे. बायकोने ते लक्षात ठेवलं होतं. नवऱ्याच्या पंच्याचा तुकडा फाडून ती रोज बेरिंगचा घसा कोरडा करत होती, म्हणजे तो बोलेल. पावसाळ्यात बेरिंग उघडली, तेव्हा तेवढा तिने बोळा आधीच काढून ठेवला असणार.

गंगारामने बोळा कमरेला खोचला आणि चारही वाट्या भरल्या. त्या दिवशी शाफ्ट दिवसभर पाण्यासारखा फिरला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शेटने आकाशाकडे हात जोडले. कित्येक महिन्यांनी गंगारामला आपल्या इंजिनाचा खरा आवाज ऐकू आला. त्याला हलकं वाटलं. पण दुपारी तो गिरणीत डोकावला, तेव्हा जानकी दोन पानं मांडून बसली होती. भात तसाच. ती मान वर करून ऐकत होती. कुणाला न कळेल इतक्या हळू तिचे ओठ हलत होते. भात गार झाला, त्यावर कोंडा बसला, ती ऐकतच राहिली. शेवटी सत्यवतीने पानं उचलली, तेव्हा जानकी लहान मुलीसारखी हमसून रडली. महादू गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

आता गंगारामसमोर दोन वाटा होत्या. तिला खरं सांगायचं, की तुझा नवरा जेवायला मागत नाही, तो मरताना 'थांबव' म्हणून जे ओरडला तेच तू ऐकतेस. किंवा गप्प बसायचं. पहिली वाट धरण्याएवढी छाती त्याला नव्हती. दुसऱ्या सकाळी, ती येण्याच्याही आधी, तो शिडी चढला आणि ज्याने जन्मभर डोळ्यांत तेल घालून यंत्रं सांभाळली, त्या माणसाने स्वतःच्या हाताने बोळा भोकात परत घातला. थोडा सैल घातला. थोडं तेल झिरपेल, थोडा आवाज होईल, दुपारी थांबवून आपण हात लावून बघू, फार तापली तर निववू. अशी त्याने मनाची समजूत घातली. दया आणि वंगण एका वाटीत भरायला निघाला होता तो.

काही दिवस ते जमलंसुद्धा. दुपारी हाक यायची, जानकी जेवायची, गंगाराम इंजिन थांबवून बेरिंगला हात लावायचा, चटका बसला की ओलं फडकं ठेवायचा. पण जानकीला तो आवाज आता लहान वाटू लागला होता. "दमले काय, काय म्हायत," ती म्हणायची. एका सकाळी तिने सैल बोळा नीट दाबून बसवला, हे गंगारामला कळलं नाही. तो दिवस नेमका बाजाराच्या आदला. गाड्यांची रांग पुलापर्यंत.

"गंगाराम, आज दुपारचा थांबणा नको," शेट म्हणाला.

"शेटनू, तिसरी..."

"अरे, एक दिस! मगे दोन दिस थांबय तुका व्हया तर."

गंगारामने मान डोलावली. बेरिंगचं खरं कारण सांगायचं तर जानकीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मग तिची गिरणीतली जागा गेली असती. तो मूग गिळून इंजिनाच्या खोलीत जाऊन बसला.

हाका लवकर सुरू झाल्या. आधी नेहमीसारख्या. मग त्यांच्यातली तुटक जागा भरून गेली आणि एकच सलग किंचाळी झाली. भिंत हादरू लागली. जळक्या कोंड्याचा वास आला. पाठोपाठ घंटा वाजली, एकदा नाही, सत्यवती ती बडवतच होती. गंगारामने तेल तोडलं. पण तेवढ्या मोठ्या इंजिनाची दोन चाकं तेल तोडल्याने जागच्या जागी थांबत नाहीत, आपल्या वजनावर फिरत राहतात. तो धावत गिरणीत आला.

तिसऱ्या बेरिंगमधून धूर निघत होता. बुश वितळून शाफ्ट एका बाजूला झुकला होता, लाथा झाडल्यासारखा उडत होता, आणि मोठा पट्टा सैल होऊन गिरणीच्या मधोमध झोके घेत होता. बाया भिंतीशी जाऊन चिकटल्या होत्या. आणि पट्ट्याच्या पलीकडे, धुराखाली, जानकी पानं मांडून बसली होती.

"जानकी! ऊठ थयसून!"

"थांबा हो दादानू!" तिचा चेहरा फुलला होता. तिला ओरडून बोलावं लागत होतं. "आज बघा कसे मागतत! किती मोट्यान! भूक लागली हा तेंका!"

गंगाराम पुढे झाला आणि पट्ट्याचा फटकारा तोंडासमोरून गेला. तिच्यापर्यंत पोहोचायला वाट नव्हती. तिला तिथून उठवायला त्याच्याकडे हात नव्हता, दोरी नव्हती. एक शब्द होता.

"गो, तो जेवूक मागणा नाय!" तो ओरडला. "वाढ म्हणणा नाय तो! वाढय म्हणता! आमी हय इंजन बंद करूक वाढय म्हणूं! बंद कर म्हणता तो, बंद! मरताना ह्याच बोंबली होतो! बंद करा, माका सोडया!"

जानकीने त्याच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. तिच्या हातात भाताची मूठ होती, ती तशीच राहिली. आणि गंगारामला तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं, की त्या किंचाळीतला शब्द तिला आत्ता पहिल्यांदा ऐकू आला. ती उठली. उठली म्हणजे पळाली नाही, जळत्या चुलीपासून मागे सरकावं तशी मागे सरकत सरकत भिंतीपाशी गेली. पट्टा तुटला. त्याचं टोक ती बसली होती तिथे आपटलं आणि दोन्ही पानांवरचा भात गिरणीभर उडाला.

मग चाकं मंदावली. किंचाळी उतरत गेली, घोगरी झाली, थांबली. एवढी शांतता त्या गिरणीत दिवसा कधी नव्हती. दारात शेट उभा होता. त्याच्या गिरणीत भरदिवसा 'बंद' शब्द किती वेळा उच्चारला गेला होता, पण तो नुसता उंबऱ्यावर खाली बसला.

जानकी भिंतीशीच उभी होती.

"किती येळ?" तिने विचारलं.

महादू गेला तेव्हा गंगाराम गिरणीत नव्हता. उत्तर सत्यवतीला द्यावं लागलं. म्हातारीने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण ओठ उघडले आणि खरंच बाहेर आलं.

"घशात आवाज होतो तवसर."

कोल्हापूरहून नवा बुश येईपर्यंत गिरण थंड होती. बेरिंग गंगारामने एकट्याने उघडली. बुशाचा काळा गोळा झाला होता, बोळ्याची राख. नवा बुश बसवला, भोक तारेने साफ केलं, तेल घातलं, शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, मग इंजिन सुरू केलं. शाफ्ट निमूटपणे फिरू लागला. त्या दिवसापासून शेट दुपारी स्वतः दारात येऊन म्हणू लागला, "गंगाराम, बंद कर रे." लक्ष्मी कुठे गेली नाही.

जानकी कामाला आली, हेच गंगारामला नवल वाटलं. ती आपल्या जुन्या जागेवर बसली नाही, कोपऱ्यात बसली. दुपारी इंजिन थांबलं आणि बाया जेवायला गेल्या, तेव्हा ती इंजिनाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादानू, बोळो तुमका गावलो होतो मां? त्या एका दिसा आवाज नाय होतो."

गंगाराम हातातलं फडकं चोळत राहिला. "होय."

"दुसऱ्या दिसा मी चडलंय, तर बोळो थयच होतो. माका वाटला, मीच चुकलंय." तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "तुमी घातलास. कित्याक?"

"तुझा तोंड बघवला नाय गो माका."

जानकी रागावली असती, ओरडली असती, तर गंगारामला बरं वाटलं असतं. त्याची तयारी होती. पण ती अगदी हळू आवाजात बोलली, हिशेब स्वतःशीच लावत असल्यासारखी.

"इतके म्हयने ते सोडया म्हणी होते, नि मी भात वाढी होतंय. तुमका कळी होता, तरी तुमी माझा तोंड बघलास." तिने पदर नीट केला. "तेंचा तोंड कोणी बघूक नाय, दादानू. तुमीव नाय नि मीव नाय."

बाया जेवून परत येत होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज अंगणात आला. जानकी कोपऱ्यात जाऊन सूप घेऊन बसली. गंगारामला इंजिन सुरू करायचं होतं. चाकाला हात लावून तो उभा राहिला, आणि हाका मारून मारून सत्यवती शेवटी आत आली, तरी त्याच्याने ते फिरवेना.